सावतर ए

नाना त्यांना नालवाले म्हणायचे.
भुसावळच्या रेल्वेच्या भंगारातून
गोणीभर लाकडी अक्षरं आणली होती, किलोच्या भावानं.
इंग्रजी, तळहाताएवढी,
प्रत्येकाच्या पायाला जाडजूड चौकोनी नाल.
सावद्यात आमच्या ट्रेडलसमोर
ती बाजारातून आणलेल्या बैलांसारखी उभी राहिली,
कुणी ढकललं तरी न हलणारी.

खरं नाव मला फार उशिरा कळलं,
संगणकाच्या यादीत: स्लॅब सेरिफ.
हसूच आलं.
आमच्याकडे स्लॅब पडतो तो घरावर,
त्या दिवशी पेढे वाटतात.
देवनागरीलाही तो डोक्यावरच,
खाली पाय अधांतरी, दोरीवरच्या धोतरासारखे.
या परक्यांनी मात्र स्लॅब पायाखाली घातला
आणि निवांत उभे राहिले.

कुजबुज त्यांना जमत नसे.
लग्नपत्रिकेच्या वेळी नाना खणाला हात लावू देत नसत.
'नवरीच्या नावाला बूट घालायचे नाहीत.'
पण पिवळा खरखरीत कागद, पातळ शाई,
मध्येच सोललेला रोलर,
खळ ओली असतानाच वॅगनवर थापलेलं लेबल
आणि पन्नास पावलांवरून वाचणारा मालबाबू,
तिथं बारीक कंबरेची अक्षरं मोडून पडत.
ही नाही पडली कधी.
सोडावॉटरची खोकी, तोलकाट्याच्या सूचना,
एकदा तर एका सर्कशीचं अख्खं तिकीट.
आणि बारा महिने, वॅगनमागून वॅगन,
दिल्लीकडे जाणारा एकच शब्द:
बनाना.

गोणीत ए दोनच निघाले.
शब्दाला लागतात तीन.

चिंधू सुताराला इंग्रजी येत नव्हतं.
नाना म्हणाले, 'ए सोपा रे, आरशातही एच राहतो.
बघ आणि कोर.'
बाभळीचा तुकडा, दोन रात्री.
पहिला कागद उचलला तेव्हा कळलं,
सख्ख्या दोघांचा उजवा पाय जाड, डावा जरा हलका,
याचं उलटं.
नाना बराच वेळ कागद धरून बसले.
मग म्हणाले, 'केळी गोडच लागतील.'

व्यापाऱ्यांना दिसलं नाही. दिल्लीला तर नाहीच.
दिसलं जंगलू तायडेला,
जो पगाराच्या वहीत अंगठा उठवायचा.
घडांखाली वाकून चालताना
त्याची नजर लेबलांच्या पायांवरच असायची.
एकदा प्रेसच्या दारात येऊन म्हणाला,
'नाना, हा शेवटला सावतर हाये ना?
डाव्या पायावर भार घेतो. माह्यासारखा.'
फळीवरून पडल्यापासून तो तसाच चालायचा.
नानांनी त्याला चहा पाजला
आणि हे कुणाला सांगू नको म्हणाले.

नाना गेले. ट्रेडल भंगारात गेलं,
नालवाले एका हॉटेलवाल्यानं भिंतीला लावायला नेले.
सावतर त्यात होता की नाही, मी पाहिलं नाही.
आता लेबलं मी संगणकावर जुळवते.
हवे तितके ए, सगळे सख्खे,
एकाच्याही पायात लंगडं नाही.

गेल्या महिन्यात जंगलूचा मुलगा आला.
टेम्पो घेतलाय. पुढच्या काचेवर बापाचं आडनाव हवं,
इंग्रजीत, जाड, हायवेवर दुरून दिसेल असं.
टी ए वाय डी ई.
मी यादीतून नालवाले काढले.
ए पाशी बोट थांबलं.
अक्षर आरशात उलटं करायला एक बटण असतं,
एकदाच दाबायचं.

पोरगा पडद्याकडे वाकून बघत राहिला.
'ताई, ते दुसरं अक्षर जरा लंगडतंय का?'

मी विचारलं, 'काच किती फुटी आहे?'